शंभर चांदण्यांची सायकल

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये प्रवेशाविषयी आणि नव्या बाईंविषयी विचारणारे पालक जुलैअखेरीस सकाळच्या धावपळीविषयी, गृहपाठाच्या वेळच्या रडारडीविषयी आणि मोबाइलविषयी लिहू लागतात. या वेळच्या टपालात आणखी एक गोष्ट जाणवली. मूल नीट वागले की त्याला काहीतरी द्यायचे, ही पद्धत अनेक घरांनी करून पाहिली आहे, आणि ती फसल्यावर मगच मला पत्र लिहिले आहे. म्हणून या अंकातली सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत आहे. सकाळी उठणे, दात घासणे, दूध पिणे, गणवेश घालणे यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याला पाच-पाच वेळा सांगावी लागते आणि शेवटी आरडाओरडा होतोच. मैत्रिणीने सुचवल्यावरून आम्ही फ्रिजवर तक्ता लावला. दिवसभर शहाण्यासारखे वागला तर एक चांदणी, आणि शंभर चांदण्या झाल्या की सायकल, असे ठरले. पहिले आठ-दहा दिवस अगदी छान गेले. मग कधी आम्ही चांदणी लावायला विसरलो, तर एकदा त्याने धाकट्या बहिणीला मारले म्हणून यजमानांनी रागाच्या भरात लावलेल्या पाच चांदण्या काढून टाकल्या. आता तक्त्याचे नाव काढले की तो म्हणतो, "मला नकोच तुमची सायकल." त्यातून सासूबाई तो रडला की हळूच चॉकलेट देतात. आमचे काय चुकले?
— एक आई, ठाणे

उत्तर : तुमच्या मुलाचे उत्तर मला उद्धट वाटले नाही, हिशेबी वाटले. रोज एक चांदणी धरली तर शंभर चांदण्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि तोही एक दिवसही न चुकता. सहा वर्षांच्या मुलाला दिवाळी किती दिवसांवर आली हेसुद्धा 'इतक्या वेळा झोपून उठलास की' असे सांगावे लागते. त्याच्या दृष्टीने तीन महिन्यांनंतरची सायकल ही जवळजवळ नसलेलीच सायकल असते. त्यातून ज्या दिवशी पाच चांदण्या निघून गेल्या, त्या दिवशी त्याला एवढेच कळले की कमावलेली गोष्टसुद्धा आपली नसते. त्यानंतर त्याने या व्यवहारातून अंग काढून घेतले, यात नवल नाही. तुम्हीआम्हीही तेच केले असते.

बक्षिसाने वागणे का बदलते, याचा अभ्यास जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना खटका लावलेल्या खोक्यांत बंद करून बाहेर खाणे ठेवले. मांजरे सुरुवातीला वाटेल तशी धडपडत, आणि त्या धडपडीत चुकून कधीतरी खटका दाबला जाऊन दार उघडे. हा प्रकार पुन्हा पुन्हा झाल्यावर निरर्थक धडपड कमी कमी होत गेली आणि खटका दाबणे तेवढे उरले. ज्या कृतीपाठोपाठ समाधान मिळते ती कृती रुजते, हा त्यातून निघालेला नियम पुढे बी. एफ. स्किनर यांनी फार तपशिलात मांडला. यातला 'पाठोपाठ' हा शब्द घरोघरच्या तक्त्यांमध्ये हरवतो. तुमचा मुलगा मांजर नाही, त्याला भाषा कळते आणि तो वचनावर विसंबून थांबू शकतो, हे खरे. पण मग ते वचन पाळले जाते की नाही, हे तो आपल्या अपेक्षेपेक्षा फार बारकाईने पाहत असतो.

याविषयीचा एक प्रयोग मला प्रत्येक पालकाला सांगावासा वाटतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची २८ मुले होती. प्रत्येक मुलाला आधी वापरून झिजलेले रंगखडू देऊन सांगण्यात आले की थोडे थांबलास तर याहून चांगले साहित्य आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखर मिळाले आणि उरलेल्यांना 'माफ कर, ते संपले आहे' असे उत्तर मिळाले. स्टिकरच्या बाबतीतही पुन्हा तसेच घडवले गेले. त्यानंतर सर्वांसमोर एक-एक गोड मार्शमेलो ठेवून, न खाता थांबलास तर दोन मिळतील, असे सांगण्यात आले. ज्यांना शब्द पाळला जाण्याचा अनुभव होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि ज्यांची फसवणूक झाली होती ती तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे दम धरणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, तर दुसऱ्या गटात अवघे एक. आपण ज्याला मुलाचा उतावळेपणा किंवा हट्टीपणा म्हणतो, त्यात मोठ्यांच्या विसराळूपणाचा वाटा किती असेल, याचा विचार हे आकडे वाचल्यावर माझ्या मनातून जात नाही. (माझ्या मुलीला लहानपणी मी कबूल केलेली राणीच्या बागेची सहल सलग चार रविवार पुढे ढकलली होती. पाचव्या रविवारी मी तयार होऊन उभी राहिले, तेव्हा ती घरच्या कपड्यांत पुस्तक वाचत बसली होती.)

आता पुन्हा सुरुवात कशी करायची ते पाहू. फ्रिजवरचा तक्ता काढून टाका आणि मुलाला सरळ सांगा की तो आम्हाला नीट जमला नाही, चूक आमची होती. शब्द दिलेला असल्यामुळे सायकलचे काय करायचे हेही स्पष्ट करा. वाढदिवसाला द्यायची असेल तर ती वाढदिवसाची भेट म्हणून द्या, वागण्याशी तिचा संबंध ठेवू नका.

नवी सुरुवात एकाच गोष्टीपासून करा. 'शहाण्यासारखे वागणे' ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चांदणी द्यायची की नाही यावर रोज संध्याकाळी घरात न्यायालय भरते. दारात उभ्या असलेल्या परक्या माणसालाही झाले की नाही हे सांगता येईल, इतके ठोस काम निवडा. सकाळचा सगळा क्रम एकदम धरू नका. ज्यातले जवळजवळ निम्मे त्याला आजही जमते असा एकच तुकडा घ्या, उदाहरणार्थ एकदा सांगितल्यावर उठून दात घासून येणे. ते आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडले की त्याला गणवेशाची जोड द्या, मग बुटांची. अवघड काम एकदम मागितले की मूल पहिल्याच दिवशी हरते, आणि हरलेल्या खेळात कोणालाच रस उरत नाही.

काम झाल्याक्षणी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत त्याने स्वतः एक टिकली लावावी. चांदण्यांची पाकिटे विकत आणण्याची गरज नाही, तुमच्या कपाळावरच्या टिकल्यांचे पाकीट पुरते. त्या टिकलीचे मोल त्याच दिवशी मिळाले पाहिजे, म्हणजे रात्री झोपताना एक गोष्ट जास्त, किंवा संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर बसून सोसायटीला एक फेरी. शिवाय आठवड्यात चार टिकल्या झाल्या तर रविवारी नाश्त्याला पोहे, उपमा की घावन हे तो ठरवेल. चारच का, सहा का नाहीत, असे तुम्ही विचाराल. एखादा दिवस बिघडणारच आहे, आणि तो बिघडला म्हणून सगळा आठवडा वाया गेला असे त्याला वाटू नये, एवढ्यासाठी. खर्चीक वस्तू टाळा. वस्तूंचा भाव चढत जातो, स्कूटरच्या फेरीचा चढत नाही.

टिकलीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते टिकली लावताना तुम्ही काय बोलता. आपल्या घरांत कौतुक करायची पद्धत थोडी चमत्कारिक आहे. आपण कौतुक करतो आणि लगेच त्याला शेपूट जोडतो : "शाबास! आज उठलास बरं लवकर. रोज असंच केलंस तर काय बिघडतं तुझं?" पहिल्या वाक्याने दिलेले दुसऱ्या वाक्याने काढून घेतले जाते, आणि मुलाच्या लक्षात राहते ते दुसरेच. मूल तोंडावर कौतुक केल्याने चढून बसते, असा एक समज यामागे असावा. कौतुक जवळ जाऊन, पाठीवर हात ठेवून, नेमके काय आवडले ते सांगून करावे आणि तिथेच थांबावे. "एका हाकेत उठलास आणि दात घासूनही आलास." पुढे पूर्णविराम. पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटेल, तरी करा.

बहिणीला मारणे हा वेगळा विषय आहे आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. मारले की तो खेळ तिथल्या तिथे थांबेल आणि तो चार-पाच मिनिटे बाजूला बसेल, एवढे पुरेसे आहे. मिळालेली टिकली कोणत्याही कारणाने परत घ्यायची नाही. महिन्याच्या पाच तारखेला झालेल्या चुकीसाठी मागच्या महिन्याचा पगार कापला जात नाही, तसेच हे समजा.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांच्या चॉकलेटमुळे तुमच्या तक्त्याचे नुकसान झाले हे खरे आहे, कारण शांत राहिल्याबद्दल तीन महिन्यांनी सायकल आणि रडल्याबद्दल आत्ता चॉकलेट, अशा दोन दुकानांपैकी मूल कोणत्या दुकानात जाईल हे उघड आहे. परंतु त्यांना बंदी घातल्याने चॉकलेट थांबणार नाही, फक्त आणखी हळूच दिले जाईल. त्यांना या योजनेत सामील करून घ्या. सकाळची टिकलीची डबी त्यांच्याकडे असू द्या आणि रात्रीची जास्तीची गोष्ट त्यांनीच सांगू द्या. लाड करण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील, फक्त त्याची वेळ बदलेल. यजमानांनीही त्याच शब्दांत, त्याच अटींवर ही पद्धत चालवायला हवी. दोघांचे नियम वेगळे असतील तर मूल नियम शिकत नाही, कोणाकडे काय मागायचे ते शिकते.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला घेऊन मॉलमध्ये किंवा किराणा दुकानात जाणे अशक्य झाले आहे. हवे ते मिळाले नाही की ती जमिनीवर लोळण घेते. आम्ही शक्यतो ठाम राहतो, पण लोक बघू लागले की कधीतरी देऊन टाकतो. दहापैकी दोन-तीन वेळाच देतो, तरी हट्ट कमी का होत नाही?
— एक वडील, पुणे

उत्तर : दहापैकी दोन-तीन वेळा देता, म्हणूनच कमी होत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रत्येक वेळी फळणाऱ्या सवयीपेक्षा कधीतरी फळणारी सवय मोडायला अधिक अवघड असते. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांनी आणि कबुतरांनी हे वारंवार दाखवून दिले. जिथे दर वेळी दाणा मिळत होता तिथे दाणा बंद होताच प्राणी लवकर थांबले, आणि जिथे अधूनमधून मिळत होता तिथे ते कितीतरी वेळ कळ दाबत राहिले. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस दर आठवड्याला जिंकत नाही, तरी घेत राहतो, त्याचे कारण हेच. तुमच्या मुलीने आजवर एवढे शिकून घेतले आहे की बाबा पहिल्या पाच मिनिटांत नाही म्हणतात, पण दहाव्या मिनिटाला, आणि बघ्यांची संख्या वाढली तर, त्यांचे मन बदलते.

या व्यवहारात बक्षीस तुम्हालाही मिळते, हे लक्षात घ्या. तिला चिप्सचे पाकीट मिळते आणि तुम्हाला शांतता. ओरेगॉनमधील जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन पालक आणि मुलांच्या भांडणांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना हेच चक्र पुन्हा पुन्हा दिसले. मूल आवाज चढवते, पालक माघार घेतात, गोंधळ थांबतो, आणि दोघेही पुढच्या वेळी हेच करायला नकळत शिकतात. तेव्हा स्वतःला कमकुवत ठरवू नका, पण चक्र तुम्हालाच तोडावे लागेल.

दुकानात शिरण्याआधी, तिच्या उंचीला वाकून, आज काय घ्यायचे आणि काय नाही ते सांगा. तिला एक काम द्या, म्हणजे टोपलीत कांदे मोजून ठेवणे किंवा साबण शोधणे. चार वर्षांचे मूल रिकामे असले की मागते. दुकानात पाच मिनिटे नीट गेली की तिथेच सांगा की ती किती छान मदत करते आहे. बाहेर पडताना आधी ठरलेली छोटी गोष्ट द्या, मग ती कोपऱ्यावरच्या पाळण्याची एक फेरी असो वा उसाचा रस. लोळण घेतलीच तर शांतपणे उचलून बाहेर या, बोलू नका, समजावू नका. पहिल्या काही खेपांना लोळण आधीपेक्षा वाढेल. आजवर चालणारी किल्ली लागेनाशी झाली की माणूस ती आणखी जोराने फिरवून पाहतो, तसे ते आहे. अनेक पालक नेमके याच टप्प्यावर हार मानतात, आणि मग मुलाला अधिक मोठ्या आवाजाची किंमत कळते. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या घाई नसताना, खरेदी सोडून येता येईल अशाच करा.

एक कडवट सल्लाही देते. एखाद्या दिवशी तुमच्यात ताकद नसेल आणि शेवटी देणारच आहात हे ठाऊक असेल, तर पहिल्या मागणीलाच हसून द्या. वीस मिनिटांच्या रडण्यानंतर दिलेले पाकीट सर्वांत महाग पडते.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या नातवाला ताटातली भाजी संपवल्याबद्दल, पाढे म्हटल्याबद्दल, अगदी नमस्कार केल्याबद्दलही काहीतरी मिळते. आमच्या वेळी छडी होती, ती वाईट होती हे मी मान्य करतो. पण ही लाच नव्हे काय? कर्तव्य म्हणून काही करणे मुले शिकणार तरी कधी?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आपला आक्षेप एकट्या आपल्या पिढीचा नाही, आणि तो मला मोलाचा वाटतो. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि लवकरच बक्षीस व शिक्षा या दोन्ही गोष्टी तिथून हद्दपार केल्या, कारण मन लावून काम करणाऱ्या मुलाला दोन्हींची पर्वा नसते असे त्यांच्या लक्षात आले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी तोच विचार मांडला, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो पुढे बोर्डीला आणि कोसबाडला नेला. आपण शिक्षक असल्याने हे सारे जाणता. छडीबद्दल म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शाळेत मनाई केली आहे, पण घरात अजून पुष्कळांना छडीला पर्याय सापडलेला नाही. बक्षिसाची पद्धत मुख्यतः त्या रिकाम्या जागेसाठी आहे.

लाच आणि बक्षीस यांत मी असा फरक करते. लाच काम अडले की दिली जाते, ती मागणारा ठरवतो आणि तिचा दर वाढत जातो. मूल रडते आहे, पाहुणे बसले आहेत, आणि आई म्हणते, "गप्प बस, मोबाइल देते." ही लाच आहे. बक्षीस आधी ठरते, मोठी माणसे ठरवतात आणि काम झाल्यावरच मिळते. आपल्या सांगलीच्या मैदानात कुस्ती जिंकणाऱ्या पैलवानाला इनाम मिळते, त्याला लाच कोणी म्हणत नाही. पण कुस्ती सुरू असताना एखादा पैलवान इनाम वाढवल्याशिवाय पुढचा डाव टाकणार नाही म्हणाला, तर प्रेक्षक काय म्हणतील ते मी आपल्याला सांगायला नको.

तरीही आपल्या घरात जे चालले आहे ते मला जास्त वाटते. नमस्काराला बक्षीस नसावे, कारण मोठ्यांनी डोक्यावर ठेवलेला हात हेच त्याचे बक्षीस आहे. भाजीच्या बाबतीत तर माझा विरोध अधिक ठाम आहे. 'भाजी संपव, मग श्रीखंड देते' असे म्हटले की श्रीखंड हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा, असे आपणच मुलाला सांगत असतो. पाढ्यांना काही काळ टिकली असायला हरकत नाही, कारण ते काम सुरुवातीला कंटाळवाणे असते आणि जमू लागल्यावरच त्यात गोडी येते. आपणच त्याच्यासोबत चढाओढीने म्हणाल, तर टिकलीचीही गरज उरणार नाही.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला वाचनाची खूप आवड आहे. ती वाढावी म्हणून प्रत्येक पुस्तकामागे वीस रुपये द्यावेत, असा विचार आहे. योग्य ठरेल का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : कृपया देऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आधीच सांगितले होते की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळाले, आणि काहींना काहीच मिळाले नाही. काही दिवसांनी वर्गात रंगीत पेने नुसती ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या निम्म्याएवढाच वेळ चित्रे काढताना दिसली. खेळाचे काम झाले होते. अचानक मिळालेल्या शाबासकीने मात्र काही बिघडले नाही.

जे मूल आपणहून करते त्याला दर लावू नये. वाचनालयाची वर्गणी भरा, तिच्याबरोबर तेच पुस्तक वाचून त्याबद्दल भांडा, रात्रीचा दिवा अर्धा तास उशिरा बंद करू द्या. आणि 'किती हुशार आहेस!' असे म्हणण्याऐवजी ती अवघड पुस्तकाशी कशी झटली त्याबद्दल बोला. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात हुशारीचे कौतुक झालेली पाचवीच्या वयाची मुले पुढे अपयश येताच लवकर खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली.

प्रश्न : मोठ्या मुलाला गृहपाठासाठी टिकल्या सुरू केल्या, तर धाकटी म्हणते, "मी तर रोजच करते, मला का नाही?" काय सांगावे?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तिचे म्हणणे बरोबर आहे, तेव्हा तिलाही टिकल्या द्या. मात्र काम तिच्यासाठी जे अवघड आहे ते निवडा, मग ते एकटीने झोपणे असेल किंवा खेळणी आवरणे. दोघांचे तक्ते शेजारी लावू नका आणि टिकल्यांची तुलना करू नका. दोघांनी मिळून ठरावीक संख्या गाठली की सगळ्यांनी पंचगंगेच्या घाटावर भेळ खायची, असे एखादे सामाईक बक्षीस ठेवलेत तर धाकटी मोठ्याला स्वतःहून गृहपाठाला बसवेल.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा मुलगा एका जागी दोन मिनिटेही बसत नाही. शाळेतून अतिचंचलतेची शंका व्यक्त झाली आहे. औषधे सुरू करावी लागतील या भीतीने आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. तोवर बक्षिसांचा उपयोग होईल का?
— आई-वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डॉक्टरांकडे जाणे टाळू नका. मुलांच्या विकासाचा अभ्यास असलेल्या बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कारण कमी ऐकू येणे किंवा अपुरी झोप यांसारखी कारणेही तपासावी लागतात. तुमची भीती कमी व्हावी म्हणून सांगते की अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात पहिला उपचार औषधाचा नसतो, पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याचा असतो. ज्या पद्धतीची चर्चा या पानांवर चालली आहे, तीच तिथे शास्त्रशुद्ध रीतीने शिकवली जाते. अशा मुलांना बक्षीस आणखी लवकर आणि आणखी वारंवार लागते. दिवसाची टिकली त्यांच्यासाठी फार लांबची असते, दहा मिनिटांची लागते.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीसाठी दोन महिन्यांपूर्वी दप्तर भरण्याच्या टिकल्या सुरू केल्या. पद्धत यशस्वी झाली. आता आम्ही थांबवू म्हटले तर ती म्हणते, "टिकली नाही तर मी का भरू?" हे आयुष्यभर चालवायचे का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : नाही, पण एका दिवसात बंदही करायचे नाही. आधी तिला सांगा की दप्तर भरणे आता तिला उत्तम जमते, त्यामुळे त्याची टिकली रोज न लावता शनिवारी एकदाच, आठवड्याची म्हणून लावू. तीन-चार आठवडे असे गेल्यावर कालनिर्णयातली ती जागा तिला नव्या, थोड्या अवघड कामासाठी देऊ करा, आणि ते काम तिलाच निवडू द्या. दप्तराबद्दलचे बोलणे मात्र थांबवू नका, कारण टिकली काढल्यावर कौतुकही थांबले तर जुनी सवय परतते.

'मी का भरू' याला उत्तर म्हणून उपदेश नको. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेले एक साधे तत्त्व इथे वापरा. जे काम मूल आपणहून करते, ते नावडत्या कामाच्या मागे ठेवले की नावडते काम आपोआप होऊ लागते. आधी दप्तर, मग खाली खेळायला. यात बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही, नुसता क्रम आहे. एखाद्या दिवशी दप्तर भरले गेले नाही तर तुम्ही ते भरू नका. वही घरी राहिली तर शाळेत बाईंना काय सांगायचे, ते तिचे तिला ठरवू द्या. बाईंना आदल्या दिवशी फोन करून तेवढी कल्पना मात्र देऊन ठेवा.